टिल्लू लागला की कॉम्प्युटर झोपतो

अहो वहिनी, या की जरा इकडे, भिंतीची ही बाजू अजून सावलीत आहे. कुरोड्या वाळत टाकल्यात ना तुमच्या? मग झालं तर. नऊ वाजले की या अकोल्यात कुंपणापाशी उभं राहणं म्हणजे स्वतःच वाळवण होणं. एप्रिल सरायच्या आत पारा चव्वेचाळीसला टेकलाय.

काल रात्री आमच्याकडचा ओरडा ऐकू आला ना तुम्हाला? मला वाटलंच. सकाळी दूध घेताना तुम्ही अशा काही बघत होतात! नाही हो, भांडण कसलं या वयात. ह्यांचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, म्हणून ओरडले ते. खरंच सांगते. नळ आलेला, गल्लीतले झाडून सगळे टिल्लू पंप सुरू, ट्यूबलाइट फडफडतेय, यूपीएस टकटक करतोय, आणि कॉम्प्युटर मात्र ढिम्म. चालूच. हे खुर्चीतून उठून नाचायचेच तेवढे बाकी होते.

तुम्हाला मागचं रामायण कुठून माहीत असणार! तुम्ही पुण्याला लेकीच्या बाळंतपणात होतात ना, तेव्हा सुरू झालं हे.

कॉम्प्युटर तोच, २००९ सालचा. जोडून घेतलेला. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, आणि त्यावर विंडोज सेव्हन. मायक्रोसॉफ्टनं त्या सेव्हनचे लाड २०२०च्या जानेवारीत बंद केले, पण आमच्याकडे ते अजून सुखानं नांदतंय. इंटरनेट नाही जोडलेलं, ती सक्त ताकीद आहे. ह्यांना लागतो तो फक्त टायपिंगला.

नवा का नाही घेत? हे तुम्हीच नाही, सगळी गल्ली विचारते. अहो, कुळवृत्तांत! निवृत्त झाल्यापासून नऊ पिढ्या गोळा करतायत. मूर्तिजापूरला कोण, आकोटला कोण, दत्तक कोण गेलं, कोणाच्या दोन बायका. ते सगळं श्रीलिपी नावाच्या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. त्या श्रीलिपीला डोंगल लागतं, काडेपेटीएवढं, कॉम्प्युटरच्या मागे जुन्या प्रिंटरच्या लांब पोर्टला लावलेलं. ते असेल तरच श्रीलिपी उघडते. नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नसतं. बरं, फाइल तेवढी दुसरीकडे नेऊन उघडावी, तर ते युनिकोडच्या आधीचे फाँट. पणजोबांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं. पुतण्यानं एकदा मोबाइलवर उघडून बघितली. म्हणतो, काका, आपले पूर्वज परदेशी होते का? ह्यांनी दोन दिवस अबोला धरला त्याच्याशी.

तर काय झालं, फेब्रुवारी संपता संपता तो मधेच बंद पडायला लागला. कसा? टायपिंग चालू आहे, आणि फट्‌कन काळोख. निळा पडदा नाही, सूचना नाही, काही नाही. मॉनिटरचा दिवा हिरव्याचा नारिंगी. आतला पंखासुद्धा गप्प. ह्यांनी बटण दाबलं तर कधी लगेच सुरू, कधी दहा मिनिटं रुसलेला.

आणि मग सुरू झाले सल्ले. तुम्हाला आपली गल्ली ठाऊक आहे. पुतण्यानं दारातूनच सांगितलं, फॉरमॅट मारावा लागेल. या पोट्ट्यांना दुसरं येतंय काय? गुलमोहरवाले सर म्हणाले, व्हायरस. इंटरनेट नाही, पेन ड्राइव्ह नाही, व्हायरस काय नळातून आला? पण त्यांचा अनुभव दांडगा ना. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर रोज अर्ध्या तासानं ‘बंद पडायचा’ म्हणून त्यांनी तो दोनदा दुकानात नेला होता. नंतर कळलं की तो बंद पडत नव्हता, झोपत होता. सेव्हनमध्ये हात लावला नाही तर अर्ध्या तासानं झोपायचं, असं कंपनीनंच ठरवून दिलेलं असतं. माऊस हलवला की उठतो बिचारा. सर तेवढ्यात चहाला जायचे, आणि परत आले की थेट मेन स्विच बंद-चालू. आता ते हे कबूल करत नाहीत, पण त्यांच्या सुनेनंच मला सांगितलं. तुमच्याजवळच ठेवा.

दुकानवाल्याकडे नेला तर त्यानं झाकणसुद्धा काढलं नाही. बाहेरूनच हात फिरवला, म्हणाला, मदरबोर्ड गेला, याचा बोर्ड आता मिळत नाही, नवा घ्या, पस्तीस हजारांत चांगला बसवून देतो. तिथे तो तासभर चालू होता बरं का, एकदाही बंद पडला नाही! का पडेल? दुकानात एसी. हे पुढे कळलं. तेव्हा आम्ही आपले मान खाली घालून परत.

मग आली नणंदेची लेक. तीच हो, नागपूरला एटीएम मशिनं दुरुस्त करण्याच्या कामावर आहे ती. केस कापलेली, स्कूटीवाली. होळीला आली होती. तिनं काय केलं सांगू? काहीच नाही केलं. आधी नुसते प्रश्न. मामी, बंद पडतो की बंद पडून आपोआप परत सुरू होतो? मी म्हटलं, काय फरक पडतो बाई, काम अडतंच ना. तर म्हणाली, सगळा फरक त्यातच आहे. निळा पडदा येऊन परत सुरू होत असेल तर रॅम बघायची, हार्डडिस्क बघायची, विंडोजही बघायचं. जागच्या जागी गोठत असेल तर तसंच. पण दिवा विझल्यासारखा बंद पडून पडून राहत असेल, तर एक तर वीज पुरत नाही किंवा आत काहीतरी इतकं तापतंय की तो जीव वाचवायला स्वतःच वीज तोडतो. हे मला पटलं बघा. आपण त्याला शिव्या घालतो, आणि तो बिचारा स्वतःला जळण्यापासून वाचवतोय.

ह्यांना नाही पटलं. ह्यांचं म्हणणं, विंडोजमध्ये सगळी नोंद असते, तिथे कारण सापडेल. तिनं उघडून दाखवलं, इव्हेंट व्ह्यूअर का काय ते. लाल खुणांची रांग. कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. हे खूश, सापडलं म्हणून. ती म्हणे, मामा, ४१ म्हणजे एवढंच की मागच्या वेळी नीट बंद न करता बंद झाला. ते तर आपल्यालाही माहीत आहे. हिंदी बातम्यांत नाही का, घटनास्थळी घटना घडली, तसलं.

मग तिनं माझ्या दुधाच्या कॅलेंडरवर कामाला लावलं मला. प्रत्येक चौकोनात दुधाचं माप लिहिते ना मी, त्याच्याच खाली लिहायचं: किती वाजता बंद पडला, सुरू करून किती वेळ झाला होता, घरात आणखी काय चालू होतं. ती गेली नागपूरला. मी लिहीत बसले. हे टाइप करायचे आणि मी पाळत ठेवायची. बाकी मला बरंच वाटलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या कामात माझी नोंदवही लागली.

पंधरवड्यानंतर ती आली आणि कॅलेंडर हातात घेऊन उभ्या उभ्या म्हणाली, मामी, हे एक दुखणं नाही, दोन आहेत.

थांबा, ती मांजर बघा तुमच्या कुरोड्यांकडे निघाली. शुक्! हां.

तर पहिलं दुखणं दुपारचं. सकाळी सहा ते नऊ टाइप केलं तर हूं नाही की चूं नाही. दुपारी बारानंतर बसले की वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. लगेच सुरू केला तर पाच मिनिटांत पुन्हा. तासभर गार होऊ दिला तर पुन्हा वीस मिनिटं. हे तर उघड उघड ऊन. तरी तिनं सिद्ध करून दाखवलं. भर दुपारी कॉम्प्युटर सुरू केला आणि विंडोज यायच्या आधीच डिलीट बटण दाबून बायोसमध्ये शिरली. निळा पडदा, त्यात तापमान दिसतं प्रोसेसरचं. शिरल्या शिरल्या अडुसष्ट. आम्ही तिघं बघत बसलो. बहात्तर. अठ्ठ्याहत्तर. विंडोज नाही, श्रीलिपी नाही, नुसता रिकामा बसलाय तरी चढतोच आहे. नव्वदीच्या पुढे गेला आणि फट्‌. काळोख. पुतण्या तिथेच उभा होता. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, विंडोज सुरूच झालं नव्हतं. आता सांग, फॉरमॅट कशाला मारणार? मला पुतण्याची दया आली, पण थोडीच.

मग कॅबिनेट उघडलं. वायर काढून, आधी लोखंडाला हात लावून, अंगातली स्थिर वीज जाऊ देऊन. वहिनी, आत काय बघितलं मी! पंख्याच्या खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्या मधून वारा जायला पाहिजे. तर पंखा आणि पट्ट्यांच्या मधे धुळीचा थर असा जमलेला, गादीतून निघावा तसा सलग. तिनं चिमट्यानं एका कोपऱ्यातून उचलला तर आख्खा निघाला, गोल, पंख्याच्या मापाचा. वरून बघितलं तर पंखा छान फिरतोय, कोणाला वाटेल सगळं ठीक आहे. वारा खाली पोचतच नव्हता. त्यात कूलर! आम्ही खिडकीतला कूलर थेट कॉम्प्युटरच्या पाठीवर सोडला होता, ह्यांना आणि त्याला दोघांनाही गार वाटावं म्हणून. तो दमट वारा आणि बाहेरची धूळ, दोन्ही मिळून लिंपण झालं आत. एका कोपऱ्यात वाळ्याच्या काड्यासुद्धा निघाल्या. पाल मात्र नाही निघाली, देवाची कृपा.

आणि खरं दुखणं त्याच्याही खाली होतं. तो पंखा आणि पट्ट्या मिळून चार काळ्या प्लास्टिकच्या खुंट्यांवर बोर्डाला दाबून बसवलेल्या असतात. त्यातली एक खुंटी सुटून लोंबत होती. उष्णतेनं प्लास्टिक ठिसूळ होतं म्हणे इतक्या वर्षांत. म्हणजे एका बाजूनं प्रोसेसर आणि ते धातूचं बूड एकमेकांना चिकटलेलंच नाही. त्या दोघांच्या मधे एक राखाडी मलम असतं, थर्मल पेस्ट, ते तर वाळून खडू झालेलं. तिनं नखानं खरवडलं तर पूड पडली.

तिनं सगळं रंगाच्या ब्रशनं झाडलं, मग पुतण्याला ब्लोअर आणायला पाठवलं. त्यानं आणला आणि लागला पंख्यावर वारा मारायला, पंखा भिंगरीसारखा फिरायला लागला. तिनं झटकन त्याचा हात धरला. म्हणाली, पंख्याचं पातं बोटानं धर आधी. असा उलटा जोरात फिरला तर पंख्यातूनच वीज तयार होऊन बोर्डात जाऊ शकते, शिवाय बेअरिंग जातं. ओलं फडकं तर अजिबात नाही. जुनी पेस्ट पुसली, नवी मुगाच्या दाण्याएवढी लावली. मला वाटलं कंजूसपणा करतेय, तर म्हणे जास्त लावली की उलट काम बिघडतं. ट्यूब मिळते शंभर-दीडशेला, आम्हा दोघांच्या आयुष्याला पुरेल. नव्या खुंट्या बसवल्या. समोरासमोरच्या दोन, मग उरलेल्या दोन, प्रत्येकीचा चटक असा आवाज यायला हवा.

पुन्हा बायोस. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, आणि तिथेच थांबला. भर दुपारी. ह्यांनी लगेच सातवी पिढी काढली टायपिंगला.

कूलर? कूलर आता पलंगाच्या बाजूला. ह्यांना घाम येतो थोडा, पण येऊ दे.

आता दुसरं दुखणं. इथे आपल्या गल्लीचा हात आहे, म्हणून हळू बोलते. कॅलेंडरवर जे रात्रीचे काळोख होते ना, ते सगळे नळाच्या दिवशीचे. आपल्याकडे काटेपूर्णेचं पाणी रोज थोडंच येतं? ज्या रात्री येतं त्या रात्री तासाभरात दोन-तीनदा बंद. इतर रात्री एकदाही नाही. तिला नळाचं माहीत नव्हतं. तिनं विचारलं, या तारखांना काय असतं मामी? मी म्हटलं, नळ. ती हसायला लागली. मी म्हटलं, अगं, नळ येतो म्हणजे टिल्लू लागतो. एकानं लावला की पुढच्याच्या नळाला धार राहत नाही, म्हणून तोही लावतो. मग तिसरा. गुलमोहरवाल्या सरांचे दोन आहेत, एक पुढे, एक मागे गोठ्याच्या जागी झाकून ठेवलेला. माहीत नव्हतं ना तुम्हाला? आवाजावरून कळतं हो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, क्षणभर. अशा वीस मोटरी, आणि वरून प्रत्येक खिडकीत कूलर. २३० व्होल्ट यायच्या ठिकाणी काय येत असेल ते आपल्या पंख्यांना विचारा.

व्होल्टेज पडलं की यूपीएस टक करून बॅटरीवर जातो. जायलाच पाहिजे, त्यासाठीच ठेवलाय. ह्यांनी लगेच निकाल दिला, यूपीएसची बॅटरी गेली. सगळे हेच म्हणतात, आणि बहुतेक वेळा खरंही असतं. ती बारा व्होल्टची, सात अँपिअर-अवरची काळी वीट, दोन-तीन वर्षांत मरतेच, आमच्याकडच्या उन्हात त्याआधीच. पण आमची मागच्या दिवाळीत बदललेली. आता तिची परीक्षा कशी घ्यायची? कॉम्प्युटर लावून भिंतीचा प्लग उपटायचा, असं सगळे करतात. ती म्हणे, नको, प्रत्येक वेळी असा आपटला की हार्डडिस्कला मार बसतो. बल्ब लावा. जुना पिवळा, साठ वॅटचा. एलईडी नाही चालत, तो खातोच किती, त्यानं बॅटरीचा कस लागत नाही. पिवळा बल्ब कुठे मिळतो हल्ली? देवघराच्या माळ्यावर होता एक.

लावला. भिंतीचा प्लग काढला. टक झालं, बल्बनं पापणी लवावी तेवढं लवलं आणि जळत राहिला, दहा मिनिटं. म्हणजे बॅटरी ठणठणीत. यूपीएस ठणठणीत. मग त्याच टकला कॉम्प्युटर का मरतो?

इथे मला खरं म्हणजे ते सगळं समजलं, आणि समजलं तेव्हा फार मजा वाटली. तुम्हालाही सांगते. यूपीएस भिंतीवरून बॅटरीवर जातो तेव्हा मधे एक खिंड पडते. दहाएक मिलिसेकंदांच्या आतली. तेवढ्या वेळात वीज कुठूनच येत नसते. ती खिंड ओलांडायचं काम कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पॉवर सप्लायचं, एसएमपीएसचं. त्याच्या पोटात मोठे कपॅसिटर असतात, ते भरलेले असतात, तेवढ्यापुरती वीज ते पुरवतात. चांगल्या एसएमपीएसनं भरल्या कामात सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरला पाहिजे, असा नियमच आहे. नवा असताना आमचा धरत असणार. पण कपॅसिटरच्या आत ओला रसायनाचा थर असतो, तो उष्णतेनं हळूहळू वाळतो. वाळला की साठा कमी. साठा कमी की दहा मिलिसेकंदसुद्धा निघत नाहीत. दुपारच्या त्या भट्टीत इतके उन्हाळे काढले त्यानं, दुसरं काय होणार!

तिनं मला टॉर्च देऊन एसएमपीएसच्या जाळीतून आत बघायला लावलं. कपॅसिटर म्हणजे उभे डबे असतात, डोक्यावर फुलीची खाच. ती खाच मुद्दाम ठेवलेली असते, आत दाब वाढला तर तिथून फुटावं म्हणून. निरोगी डब्याचं डोकं सपाट. आमच्या दोन डब्यांची डोकी फुगलेली, आणि एकाच्या खाचेतून तपकिरी चीक सुकलेला. बोर्डावरचे मात्र सगळे सपाट, तेवढं नशीब. दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत म्हणे जगभर असले कपॅसिटर फुगले, आतलं रसायनच वाईट निघालं होतं, मोठमोठ्या कंपन्यांच्या बोर्डांवरसुद्धा. आमचा बोर्ड त्या लाटेतून वाचला.

ह्यांना लगेच एसएमपीएस उघडून ते दोन डबे बदलायची सुरसुरी आली. सोल्डरिंगची हौस जुनी. तिनं मामाला असं काही झापलं! २३० व्होल्ट आत गेले की सव्वातीनशे होतात तिथे, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटर भरलेलेच राहू शकतात. तिच्यासारखी मशिनं उघडणारी पोरगीसुद्धा एसएमपीएस उघडत नाही, आख्खा बदलते. ह्यांनी सोल्डरिंगची कातडी पिशवी मुकाट्यानं कपाटात ठेवली.

आता बदलायचा, पण दुकानातून आणायच्या आधी खात्री नको का? हजार-पंधराशे जातात. तिचा नियम असा की संशय आला तर चालू असलेला दुसरा लावून बघायचा, मगच पैसे काढायचे. दुसरा कुठून आणायचा? भाऊजी म्हणाले, आमच्या माळ्यावर आहे.

अय्या! भाऊजींनी सांगितलं नाही तुम्हाला? तुमच्या मुलाचा इंजिनिअरिंगचा कॉम्प्युटर हो, चादरीत गुंडाळलेला. त्यांनीच शिडी लावून काढून दिला. मला वाटलं तुम्हाला फोनवर विचारलं असेल. नाही नाही, बाकी कशाला हात नाही लावला तिनं. चार स्क्रू काढले, एसएमपीएस तेवढा काढला. हातात घेऊनच म्हणाली, हा बघा, वजन बघा. आणि खरंच, आमच्यावर ५०० वॅटचं लेबल आणि हाताला फुलासारखा हलका, तुमच्यावर ४५० लिहिलेलं आणि हात खाली जातो. वजनाला असते म्हणे तांब्याची गुंडाळी आणि लोखंड. लेबलला काय, छापखाना लागतो फक्त.

लावला. आणि मग नळाची वाट बघत बसलो. आयुष्यात एवढ्या उत्सुकतेनं टिल्लू लागायची वाट कोणी पाहिली नसेल. काल रात्री नळ आला. सरांचा पुढचा लागला, मग मागचा, मग त्या पेट्रोल पंपवाल्याचा. टक. टक. आणि आमचा चालूच. तो ओरडा तो.

बरं, एक गोष्ट मात्र तिनं जाताना ह्यांच्याकडून लिहून घेतल्यासारखी करवून घेतली. आधी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर. आणि प्रत्येक प्रकरणाची श्रीलिपीतूनच पीडीएफ. पीडीएफमध्ये अक्षर जसं दिसतं तसंच राहतं, फाँट आतच बसतो, डोंगल लागत नाही. कॉम्प्युटर आज वाचलाय, त्याला सतरावं लागलंय हे विसरू नका म्हणाली. ह्यांना ते बोलणं लागलं जरा. मग पाच पिढ्यांच्या पीडीएफ केल्या त्यांनी त्याच रात्री. उरलेल्या चार आज होतील, लाईन राहिली तर.

काय म्हणालात? तुमचा एसएमपीएस? आज उद्यात नवा आणतोच आहोत आम्ही, तुमचा होता तसा परत बसवून देईल ती. राहू द्या म्हणता? असं कसं, वस्तू तुमची... बरं, मग असं करू. तुमच्या त्या कॉम्प्युटरमधली हार्डडिस्क काढून तिला देऊ, त्यात फोटो असतील ना? मुलाच्या मुंजीचे, चिखलदऱ्याचे, ते जे तुम्ही गेली कित्येक वर्षं शोधताय? माळ्यावरच्या उन्हात आणखी दोन उन्हाळे ठेवलीत तर त्यांचंही काही खरं नाही. चालेल? मग रविवारी येतेय ती, सकाळी, उन्हाच्या आत.

पण एक सांगून ठेवते. तुमच्या पुण्याच्या भाच्याचं स्थळ तिच्यासमोर काढू नका. मागच्या वेळी सरांच्या सुनेनं काढलं होतं, तर ही त्यांचं कॅबिनेट उघडं टाकून, आठही स्क्रू बशीत ठेवून, सरळ स्कूटी काढून निघून गेली.